कच्चं मडकं, रविवार दुपार

मराठीतलं पहिलं परखड परीक्षण आमच्या जिल्ह्यात झालं, असा माझा दावा आहे. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमंडळी जमली होती. मुक्ताईला थापटणं दिसलं. हे कशाला, तिनं विचारलं. मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं, काका म्हणाले. मग इथली मडकी बघा की, असं ती बोलून गेली आणि काकांनी खरोखरच एकेकाच्या डोक्यावर थापटणं चालवलं. बाकीचे निमूट बसले, नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला: कच्चं. नामदेव तडक पंढरपूरला तक्रार घेऊन गेले, तर विठ्ठलानंही काकांचीच री ओढली आणि विसोबा खेचरांकडं जायला सांगितलं. आख्यायिकाच ही, पण बाहेरच्यांनी नावं ठेवली म्हणून घरी दाद मागायला गेलेला आणि घरच्यांनीही ‘त्यांचं बरोबरच आहे’ म्हटलेला असा लेखक आमच्या मंडळात दर रविवारी सापडतो.

मंडळ म्हणजे धाराशिवातली कथा लिहिणारी काही माणसं. मंडळाला नाव नाही, पावतीपुस्तक नाही. नियम एकच, पुरी झालेली कथा आणायची नाही.

नव्या माणसाला हा नियम उलटा वाटतो. अर्धं लिहिलेलं चारचौघांत कसं वाचायचं? पण कुंभाराला विचारा. थापटण्याची कामं दोन. भाजलेल्या मडक्यावर टिचकी मारली की ते पक्कं आहे की चिरलंय एवढंच कळतं. कळून करायचं काहीच उरत नाही. ओल्या मडक्याचं वेगळं. कुंभार एका हातानं आतून दगडी गोळा धरतो आणि दुसऱ्या हातानं बाहेरून थापटतो, तेव्हा कुठं त्याला पोट सुटतं, अंग पातळ होतं. छापून आलेल्या पुस्तकाचं परीक्षण पहिल्या जातीचं. आम्हाला दुसरं हवं असतं. आता आतून गोळा धरायचं विसरून नुसतंच बडवणारेही आमच्यात आहेत, पण त्यांना चहा उशिरा मिळतो.

जानेवारी २०२० मध्ये ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते, उद्घाटन ना. धों. महानोरांनी केलं आणि साहित्यनगरीला नाव दिलं होतं गोरोबाकाकांचं. भाषणं झाली, कविता झाल्या, पुस्तकं खपली. थापटणं तेवढं कुणी बाहेर काढलं नाही. ते बरोबरच, मांडवात टाळ्या शोभतात. थापटण्याला लहान खोली लागते आणि बाहेरून कडी लागते, कारण लेखक पळून जाऊ शकतो.

पुण्यात रविकिरण मंडळाचे कवी शंभरेक वर्षांपूर्वी चहाच्या निमित्तानं जमत आणि एकमेकांच्या कविता ऐकत. चहा आमच्याकडंही असतो. कुंथलगिरीचे पेढे मात्र वाचनानंतरच फोडायचे असा ठराव करावा लागला, कारण तोंडात त्या खव्याचा पेढा असताना वाईट बोलणं जमत नाही. एका कादंबरीची पहिली तीन प्रकरणं अशीच फार नावाजली गेली होती.

श्रोत्यांचे नमुने सगळीकडं तेच असावेत. निवृत्त गुरुजी ऱ्हस्व-दीर्घ कानानं ऐकतात. कसं ते विचारू नये. एक ताई कुठल्याही कथेत सासू का नाही म्हणून विचारतात. एकजण ‘आवडली’ म्हणून गप्प बसतो. त्याच्यावर कुणाचा विश्वास नाही आणि त्याच्यावाचून कुणाचं चालतही नाही. पण खरे जहाल म्हणजे आमचे कळंबकडचे शेतकरी सदस्य. एका कथेत नायक भर पावसात काळ्या रानातून प्रेयसीकडं धावत निघाला होता. वाचणाऱ्याचा आवाज कापरा झालेला, आम्हीही भारावलेलो. ते म्हणाले, “पळायलाय कसा त्यो? चिखल किलोकिलोनं चिकटतंय पायाला. चप्पल तरी हातात द्या की त्याच्या.”

लेखक आठवडाभर रुसला. पुढच्या खेपेला आला तेव्हा नायक धावत नव्हता. चपला हातात धरून, एकेक पाय उपसत, बांध गाठत चालला होता आणि पोचेपर्यंत प्रेयसीच्या घरी पाहुणे येऊन बसले होते. कथा तिथून पुढं जी सुटली ती सुटलीच. प्रेमापेक्षा चिखलानं तिचं भलं केलं, असं माझं मत. लेखकाला ते अजून मान्य नाही.

सूचना करणाऱ्यालाही यात मेहनत पडते बरं का. ‘कंटाळा आला’ हे कुणीही सांगेल. कंटाळा नेमका कुठल्या पानावर आला हे सांगायला ऐकावं लागतं, आणि दुसरा वाचत असताना आपली पाळी आल्यावर काय वाचायचं याचाच विचार करणं हा लेखकाचा जन्मजात गुण. म्हणून आम्ही पाळीच बंद केली. एका रविवारी एकच कथा.

येत्या रविवारी त्या चिखलवाल्यांचीच कथा आहे. प्रेमकथा आहे आणि मुंबईत घडते, असं कळलंय. गुरुजींनी चष्म्याचा नंबर बदलून आणला आहे आणि रुसलेले सगळे वेळेआधी येणार आहेत.