मधल्या जागेचे उमेदवार

चंद्रपूर ते गडचिरोली हे अंतर सुमारे 80 किलोमीटर. एसटी ते दोनेक तासांत उरकते. आमच्या सायकल मंडळींनी त्यासाठी दुसरा शनिवार आख्खा राखून ठेवला, पिवळे टी-शर्ट करून घेतले आणि पाठीवर ‘आंतरजिल्हा सायकल मोहीम’ असं छापलं. 26 ऑगस्ट 1982 च्या आधी निघालो असतो तर हे छापताच आलं नसतं, कारण तोवर गडचिरोली आमच्याच जिल्ह्यात होतं. वेकोलितून निवृत्त झालेले काका टी-शर्ट चाचपत म्हणाले, “मी चाळीस वर्षं सायकलनं ड्युटीवर गेलो. तवा कोणी बनियनबी नाही देल्लं.”

उजाडल्याशिवाय जंगलात शिरायचं नाही, हा आमचा एकमेव नियम. तो आम्ही काटेकोर पाळतो, कारण त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. बंगाली कॅम्प चौकात सहाला जमायचं ठरलं की शेवटचा माणूस सात वाजता “निघालोच” असा फोन करतो. तोवर बाकीच्यांचे तर्री पोहे होतात, मग त्याच्यासाठी पुन्हा एकदा होतात.

लोहारा मागे पडलं की मूल रोडला दोन्ही बाजूंनी साग सुरू होतो. मध्येमध्ये वनविभागाच्या पाट्या. इतर गावच्या सायकलवाल्यांत म्हणे पुढे कोण जातो यावरून चुरस असते. आमच्याकडे चुरस मधल्या जागेसाठी. पुढच्याला वाघ आधी दिसणार आणि मागच्याला वाघ आधी पाहणार, हा हिशेब लोहाऱ्यापर्यंत प्रत्येकाने मनातल्या मनात मांडलेला असतो. त्यामुळे घंटाचौकीच्या पुढे सगळे एकमेकांना खेटून, गप्पा मारल्यासारखं दाखवत चालवतात. डॉक्टर बुटाची नाडी बांधायला थांबले तर आख्खी मोहीम थांबते. ‘एकमेकांना सोडायचं नाही’ ही संघभावना मी कुठल्याच शिबिरात एवढी पाहिलेली नाही. त्या दाटीत बँकेतल्या सरांचं हँडल गुरुजींच्या हँडलात अडकलं आणि दोघे रस्त्याकडेच्या गवतात गेले. ही त्या दिवसातली एकमेव खरी जखम, आणि तिच्याशी वाघाचा काडीचा संबंध नव्हता.

आमचं हे हसण्यावारी जातं. याच जंगलात मोहफुलं, तेंदूपत्ता, सरपण आणायला जाणाऱ्यांचं तसं नाही. दरवर्षी त्यातले काही परत येत नाहीत.

चिचपल्ली ओलांडली आणि सरांचं मागचं चाक बसलं. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली बारीक तार आरपार गेली होती. आमच्याकडे पंप होता, पण तो ज्याच्या पिशवीत होता तो एकटाच शूर निघाला होता. तो केळझरच्याही पुढे गेलेला, आणि मोबाइलला रेंज नाही. तेवढ्यात गवताचा भारा बांधलेली सायकल ढकलत एक आजोबा आले. त्यांनी कौतुकाने चाक पाहिलं आणि म्हणाले, “इथी नोका थांबू जी. काल संध्याकाळी येथूनच पार झाला.” कोण, ते कोणीही विचारलं नाही. सायकल ढकलत आम्ही ज्या वेगाने पुढचं गाव गाठलं, तो वेग चालवतानाही आम्हाला कधी जमलेला नाही.

गावातल्या मिस्त्रीने खर्रा गालात सारून सायकल फिरवून पाहिली. “किमत?” सरांनी दबक्या आवाजात लाखाचा आकडा सांगितला. मिस्त्रीने शांतपणे यादी केली: “स्टँड नाही. मडगार्ड नाही. कॅरियर नाही. घंटी नाही. मंग देल्लं काय?” घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवली, बुडबुडे आले तिथे काडीची खूण केली, काचपेपर घासून सोल्यूशन लावलं. इथवर सगळं ठीक. पण हवा भरायची वेळ आली तेव्हा त्या बारीक विलायती व्हॉल्व्हला त्याचा पंप बसेना. सरांनी मोबाइलवर उपाय शोधायला घेतला. त्याआधीच मिस्त्रीने जुन्या ट्यूबची पट्टी कापली, व्हॉल्व्हभोवती घट्ट गुंडाळली, पंपाचं तोंड त्यावर चेपून धरलं आणि हवा भरली. मजुरी वीस रुपये.

मूलच्या पुढे जंगल विरळ होतं, धानाच्या बांध्या सुरू होतात आणि आम्हाला पुन्हा खेळाडू असल्यासारखं वाटायला लागतं. झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं वाचत सावलीकडे निघालो, तेव्हा शनिवारची सकाळची शाळा सुटून मुली घरी चालल्या होत्या, सरकारकडून मोफत मिळालेल्या सायकलींवर. त्यातल्या एकीने कॅरियरवर मैत्रिणीला बसवलं होतं. ती आम्हाला मागे टाकून गेली. मागे बसलेली वळून म्हणाली, “सर, चेन उतरली काय?” चेन जागेवरच होती.

व्याहाडच्या पुढे वैनगंगेचा पूल आला तेव्हा पंपवाला शूरवीर तिथे आमची वाट पाहत भजी खात बसला होता. काही मंडळींना पुलाच्या अलीकडेच थकवा उतरवावासा वाटू लागला. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. आमच्याकडे 2015 ला आली आणि 2021 ला उठली. त्यामुळे या नदीवरचा पूल ओलांडणं हा काहींच्या मते भौगोलिक नव्हे, तर नैतिक प्रश्न असतो. शेवटी काकांनी प्रश्न निकाली काढला: “सायकल सरळ चालत नाही तं आताच, मंग काय करसान?” पलीकडे जाऊन सगळ्यांनी मठ्ठा घेतला.

गडचिरोलीच्या चौकात फोटो काढले आणि सायकली पिकअपमध्ये भरल्या. डिसेंबरात साडेपाचलाच दिवस मावळतो. अंधारात त्या जंगलातून सायकलने परतणं हा पराक्रम नाही, आगाऊपणा आहे.

पुढच्या दुसऱ्या शनिवारी मार्कंडा ठरलंय. सोबत येणार असाल तर स्वतःची ट्यूब आणि स्वतःचा पंप आणा. वयाची अट नाही, वेगाची तर नाहीच. फक्त मधल्या जागा भरलेल्या आहेत. शेवटची एक रिकामी आहे, तिच्यासाठी कोणी तयार असेल तर टी-शर्टचे पैसे घेणार नाही.