रेंजवाले नाना

न्हावऱ्याहून चौफुल्याकडे निघालं की भीमेच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही अंगाला नानांची जमीन लागते. अलीकडची शिरूर तालुक्यात, वाडवडिलांची. पलीकडची दौंड तालुक्यात, काकूंच्या माहेरची. त्यामुळे नानांना तलाठी दोन, तहसीलदार दोन, पोलीस ठाणी दोन आणि लग्नसराईत पत्रिका चौपट. हे नाना एकटेच आहेत असं समजू नका. या पट्ट्यात दर दहा-पंधरा गावांमागे एक नाना असतोच. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, उसाचं बिल कारखान्यात अडकलेलं, रांजणगावच्या एमआयडीसीत गेलेल्या वावराचे पैसे मात्र बँकेत शाबूत, बैलगाड्याच्या घाटात मानाची खुर्ची, आणि शर्टाच्या खिशात कायम सातबाऱ्याची घडी. कुठल्याही कचेरीत कुठल्याही कामाला गेले तरी नाना आधी सातबारा टेबलावर ठेवतात. एकदा दातांच्या डॉक्टरपुढेही ठेवला होता.

नानांकडे एकच गोष्ट नव्हती. बंदूक.

आमच्याकडे बंदूक चालवताना सहसा कोणी कोणाला पाहिलेलं नसतं. ती जमा करायला नेताना मात्र सगळे पाहतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की परवानेवाल्यांना हत्यारं ठाण्यात जमा करायला सांगतात. मग वरच्या आळीच्या आप्पांची बारा बोअर गोधडीत गुंडाळली जाते, जीपच्या मागच्या सीटवर आडवी होते आणि पारावरची मंडळी बिड्या विझवून बघत राहतात. संध्याकाळी आप्पा पावती घेऊन परत येतात. मतं पडोत न पडोत, त्या गावात आप्पा निवडून आलेलेच असतात. नानांना हे दर निवडणुकीला टोचायचं.

त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला. कारण पीक संरक्षण, हेतू बिबट्या. शिरूरच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचं दुखणं खरं आहे, त्यात हसण्यासारखं काही नाही. पण बिबट्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत बसतो आणि नाना कुठल्याच अनुसूचीत बसत नव्हते. अर्ज परत आला.

अशात १ ऑगस्ट २०२४ उजाडला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं. हा गडी तेव्हा मध्य रेल्वेतला टीसी. दौंड जंक्शनच्या आसपास वाढलेल्या माणसाला टीसी दिसला की डबा बदलायचा एवढंच ठाऊक. टीसी असा नेम धरतो हे कळल्यावर बरेच जण पास काढायला लागले म्हणतात. नाना मात्र निराळ्याच गोष्टीवर अडकले. "म्हणजे बंदूक खेळायला बी मिळती?" कोणीतरी त्यांना २००८ च्या सुवर्णपदकवाल्या अभिनव बिंद्राची गोष्ट सांगितली. वडिलांनी त्याच्यासाठी घराच्या आवारातच रेंज बांधून दिली होती. नाना खिडकीतून पार नदीपर्यंत बघत म्हणाले, "आवार तर आपलं मोठं हाय."

झालं. नाना खेळाडू झाले.

पहिला बेत ५० मीटरचा. गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचं असतं हे ऐकल्यावर गुडघ्यावरचं धाकट्या भावाला द्यायचं ठरलं. जागा नदीपलीकडची. सल्ल्याला दौंडच्या एसआरपी कॅम्पातून निवृत्त झालेले एक उस्ताद आणले. दौंडला राज्य राखीव पोलिसांचे पाच आणि सात नंबरचे दोन गट, शेजारी नानवीजला प्रशिक्षण केंद्र. बंदुकीतलं कळणारा माणूस तिथं चहाच्या टपरीवरही भेटतो. उस्तादांनी जागा पाहिली आणि विचारलं, "निशाणाच्या मागं काय?"

"भीमा."

"भीमेच्या मागं?"

"शिरूर तालुका."

"नाना, बावीसची गोळी दीड किलोमीटर सहज जाती."

"जाऊ द्या की. तिकडं बी आपलीच जमीन हाय."

उस्तादांनी हात जोडले. शिवाय अशा रेंजला क्लब लागतो, क्लबला परवाना लागतो, त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालय, पोलिसांचा अहवाल आणि गोळी अडवणारी भक्कम भिंत लागते. एवढ्या टेबलांवर ठेवायला नानांचे सातबारे पुरेनात. शेवटी उस्तादांनीच मार्ग काढला: दहा मीटरची एअर रायफल. त्यासाठी लांबट, बंदिस्त, बिनवाऱ्याची जागा हवी, आणि नानांचं पोल्ट्रीचं शेड दोन बॅचपासून रिकामंच पडलं होतं. जाळ्यांना पत्रे लागले, जमिनीपासून एक मीटर चाळीस सेंटिमीटरवर निशाणं आली, त्यांच्यावर दिवे आले. वास तेवढा गेला नाही. काकूंनी परवानगी दिली, कारण सातबारा त्यांच्या नावावर होता, पण अट घातली, "कांदा निघाला की शेड मोकळं करून द्यायचं."

रायफल जर्मन घेतली. किंमत ऐकून नानांची भुवईसुद्धा हलली नाही. शर्यतीच्या बैलाला त्यांनी याहून जास्त मोजलेत. दुकानात त्यांनी सवयीनं सातबारा ठेवला, पाठोपाठ विचारलं, "आता लायसनचं कसं?"

दुकानदार म्हणाला, "लागत नाही. छर्रा साडेचार मिलिमीटरचा आहे आणि ताकद वीस जूलच्या आत. नियमात परवान्याची गरज नाही."

एवढा मोठा घाव नानांनी आयुष्यात सोसला नव्हता. परत येताना वाघोलीपर्यंत ते गाडीत काही बोलले नाहीत. वाघोलीला म्हणाले, "लायसन लागत नाही म्हणजे उद्या कोणी बी घेईल."

दुसरा घाव पहिल्या सरावाला बसला. उस्तादांनी निशाणाचा कागद हातात दिला. तो शर्टाच्या खिशात सातबाऱ्याशेजारी मावला. मधला काळा गोल जेमतेम तीन सेंटिमीटरचा, आणि दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, राजगिऱ्याच्या दाण्याच्या निम्मा. "उस्ताद, हे लोकांना दिसणार कसं?" लोकांना दिसत नाही, असं उस्तादांनी सांगितलं. आवाज? फट् एवढाच. धूर? नाही. वर अंगात कडक जाकीट, ज्यात पोट मावेना आणि मान वळेना.

आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे गप्प बसणं. नानांचं आयुष्य घाटातल्या भोंग्यावर गेलेलं. "नाना, श्वास अर्धा सोडा. माशीच्या गोलात काळा गोल मधोमध धरा. बोट नुसतं दाबत राहा, झटका नको. छातीतला ठोका मोजा." नाना श्वास सोडायचे, त्या श्वासाबरोबर दोन वाक्यंही बाहेर पडायची. तेवढ्यात फोन वाजायचा. मातीपरीक्षणापासून मयतापर्यंत सगळं त्याच फोनवर. स्पर्धेत सव्वा तासात साठ छर्रे मारायचे असतात. नानांचे सव्वा तासात चार व्हायचे आणि कॉल सतरा.

उद्घाटन मात्र रीतसर झालं. फ्लेक्सवर नाना एक डोळा मिटून उभे, खाली शुभेच्छुकांचे चाळीस फोटो. भाषणात नानांनी इंग्रजांच्या काळातली शिरूरची छावणी आणली, १८०९ साली तिथं वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर आणली आणि "या मातीतच नेम आहे" असा समारोप केला. मग प्रमुख पाहुण्यांनी तिसऱ्या लेनमधून छर्रा मारला. तो चौथ्या लेनच्या निशाणावर नऊवर लागला. राजकारणात हे चालून जातं, म्हणून टाळ्या कडाडल्या. उस्तादांनी नियमाप्रमाणे शून्य लिहिलं. हार आणि फेटे झाल्यावर एका पुतण्यानं विचारलं, "लग्नात नवरदेवाच्या हस्ते हवेत एक बार काढायला रायफल मिळेल का?" उस्ताद शांतपणे म्हणाले, "खऱ्या बंदुकीचा बार असेल तर दोन वर्षांपर्यंत आत, नाहीतर लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. कायदा २०१९ ला बदललाय." पुतण्यानं डीजेवरच भागवलं.

आता शेडमध्ये रोज संध्याकाळी झेडपीच्या शाळेतली आठ-दहा पोरं-पोरी येतात. फी नाही. उस्ताद त्यांना तास-तासभर छर्रा न भरता नुसतं उभं राहायला लावतात, आणि ती राहतात. नाना दारात खुर्ची टाकून बसतात. आत बोलायची बंदी त्यांच्यासाठीच आहे, हे ते अभिमानानं सांगतात.

परवान्याचं शल्य त्यांनी आपल्या पद्धतीनं मिटवलं. दोन्ही तालुक्यांत अर्ज दिले: परवाना लागत नसल्यास तसं लेखी द्यावं. बऱ्याच खेपांनंतर एका ठिकाणाहून कागद आला, "सदर प्रकारच्या एअर रायफलसाठी परवान्याची आवश्यकता नाही." तो फ्रेम करून दिवाणखान्यात लावलाय. सोफ्यावरून अक्षर वाचता येत नाही, गोल शिक्का तेवढा दिसतो. निवडणूक लागली तेव्हा नाना रायफल गोधडीत गुंडाळून, गाडी मुद्दाम पारावरून घालून ठाण्यात गेले. अंमलदार म्हणाला, "नाना, ही जमा करावी लागत नाही." नाना हळूच म्हणाले, "ते मला बी माहितीय. तुम्ही फक्त पावती द्या."

पावती मिळाली नाही. पण बाहेर बाकावर बसलेल्या एका हवालदारानं त्यांना ट्रॅप नावाच्या प्रकाराबद्दल सांगितलं: मातीच्या थाळ्या हवेत उडतात आणि बारा बोअरनं फोडायच्या. नानांनी दोनच प्रश्न विचारले. आवाज होतो का? लायसन लागतं का? दोन्हीला होकार मिळाल्यावर त्यांनी तिथूनच घरी फोन लावला आणि पोराला भीमेच्या दोन्ही काठांचे ताजे उतारे काढायला पाठवलं.