हिंजवडीपासून दहा मिनिटं

लातूर, जळगाव, यवतमाळ, सांगली किंवा अशाच एखाद्या गावी ज्यांनी हिंजवडीतल्या कंपनीचं ऑफर लेटर छापून नुकतंच देवापुढे ठेवलं आहे, त्या उमेदवारांसाठी ही मार्गदर्शिका आहे. पगाराचा आकडा एव्हाना सगळ्या भावकीला कळला असेल. त्यातला मोठा हिस्सा दरमहा कोणाच्या खात्यात भरायचा, एवढंच आता ठरायचं आहे. पुण्यात विद्यापीठं उदंड आहेत, पण भाड्याच्या घरासाठी भाग कसा निवडावा हे एकाही ठिकाणी शिकवत नाहीत. म्हणून हा खटाटोप.

प्रथम फोनवरचा नकाशा बंद करावा. नकाशात वाकड आणि हिंजवडी शेजारी शेजारी दिसतात आणि उमेदवार हुरळतो. या भागात अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, चौकांत मोजतात. भूमकर चौक, लक्ष्मी चौक, हिंजवडीचा शिवाजी चौक. ‘मी तीन चौक लांब राहतो’ असं कोणी सांगितलं, की जाणकार त्याच्याकडे सहानुभूतीने पाहतात. जाहिरातीत मात्र ‘हिंजवडीपासून दहा मिनिटं’ असंच छापलेलं असतं. एजंटवर खोटेपणाचा आरोप करू नये. कोणीतरी, कधीतरी, बहुधा लॉकडाऊनमध्ये पास काढून, ते अंतर दहा मिनिटांत कापलेलं असणार.

एजंट घर दाखवायला रविवारी सकाळी बोलावतो, यामागे शास्त्र आहे. रविवारी सकाळी पुण्यातला कुठलाही भाग राहण्याजोगा वाटतो. रस्ते मोकळे, हवा गार, खाली चहाची टपरी, टपरीवर दोन काका राजकारण बोलत असतात. उमेदवार तिथंच विरघळतो आणि टोकन देऊन मोकळा होतो. आपण तसं करायचं नाही. भाग पाहायचा तो मंगळवारी, संध्याकाळी साडेसहाला. आठवड्यातले काही दिवस घरून काम करायची सोय झाल्यापासून सोमवार आणि शुक्रवार लोक घरी काढतात आणि मधल्या तीन दिवसांत अख्खं आयटी पार्क एकदम रस्त्यावर उतरतं. तेव्हा फेज थ्रीच्या टोकाशी उभं राहावं, मित्राची दुचाकी घ्यावी आणि मनात भरलेल्या घराकडे निघावं. पोचल्यावरही ते घर आवडलं, तर प्रेम खरं समजावं.

आता मूळ मुद्दा. मुंबई–बंगळूर महामार्गाचा बायपास या भागाचे दोन तुकडे करतो. पश्चिमेला हिंजवडी, माण, मारुंजी. पूर्वेला वाकड, पिंपळे निलख, पिंपळे सौदागर, आणि थोडं दक्षिणेला बालेवाडी, बाणेर. पश्चिमेला राहिलात तर ऑफिस जवळ आणि नळ लांब. पूर्वेला राहिलात तर नळ जवळ आणि ऑफिस लांब. दोन्ही जवळ असलेली जागा अजून बांधली गेलेली नाही. बांधली गेली तर तिचं भाडं तुमच्या मॅनेजरलाही परवडणार नाही. तेव्हा आपण भाग निवडतोय असा गैरसमज नसावा. आपण तक्रार निवडतोय. पुढचं वर्षभर रोज कोणती तक्रार करायला आवडेल, हे आधी स्वतःला विचारावं आणि त्यानुसार बायपासची बाजू ठरवावी.

ज्यांना चांदणी चौकातून ये-जा करून कोथरूडलाच राहायचंय, त्यांना आम्ही अडवत नाही. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे स्फोटकं लावून उडवला, तर सगळा धुरळा खाली बसल्यावरही तो बराचसा जागच्या जागी उभा होता. उरलेला यंत्रांनी पाडावा लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे नवे उड्डाणपूल सुरू झाले. कोथरूडकरांचा स्वभाव त्या जुन्या पुलासारखाच असल्यामुळे त्यांना सल्ला देण्यात अर्थ नाही.

भाग ठरला की नावं तपासायची. पुण्यात गावं बदलत नाहीत, त्यांची नावं जाहिरातीत बदलतात. सूस-म्हाळुंग्याला ‘बाणेर अनेक्स’ म्हणतात. मुंढव्याला ‘कोरेगाव पार्क अनेक्स’. उंड्रीच्या बाजूला ‘एनआयबीएम अनेक्स’. वाघोली तर ‘अप्पर खराडी’ झाली. भूगोलात वरचं-खालचं नद्यांवरून ठरतं असं आम्ही शाळेत शिकलो होतो, इथं ते दर चौरस फुटावरून ठरतं. भाडं बाणेरचं आणि रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता सूसचा, असा हा व्यवहार आहे. यावर उपाय सोपा. एजंटने भागाचं नाव सांगितलं, की त्याला विचारावं, ‘इथल्या म्हाताऱ्या बायका या जागेला काय म्हणतात?’ एजंट जे नाव ओठातल्या ओठात पुटपुटतो, तो तुमचा खरा भाग.

मेट्रोबद्दलही असंच. माण ते शिवाजीनगर या तिसऱ्या मार्गिकेचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. सुमारे २३ किलोमीटर, २३ स्थानकं. खांब उभे राहायच्या आत भाड्यांत मेट्रो धावू लागली होती. ‘मेट्रो स्टेशन वॉकेबल’ असं लिहिलं असेल तर स्वतः चालून पाहावं, तेही फुटपाथवरून. फुटपाथ सापडला नाही तर चालण्याचा प्रश्न आपोआप सुटतो.

पाण्याचं प्रकरण जरा सविस्तर पाहू, कारण इथं जाहिरातीची मराठी आणि आपली मराठी वेगळी आहे. ‘पाणी २४ तास’ याचा अर्थ टँकर २४ तास येऊ शकतो. पिंपरी-चिंचवड महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी द्यायला सुरुवात केली. पवना धरण त्यानंतर किती पावसाळ्यांत भरलं, पण वेळापत्रक हललं नाही. तेव्हा वाकडला राहायला जाताना आपण सम तारखेचे की विषम तारखेचे, हे जन्मतारखेइतकं पाठ असावं. पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीत खडकवासल्याचं पाणी येतं, पण दुरुस्तीचा गुरुवार अधूनमधून उगवतो. उपवास करणाऱ्यांना तो विशेष जड जात नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. सूस, म्हाळुंगे, वाघोली ही त्या २३ मधली. महापालिकेत आलेल्या गावात आधी कराचं बिल पोचतं, मग निवडणुकीचे फ्लेक्स पोचतात आणि जलवाहिनी सावकाश मागून येते.

पाणी येतं का, हे मालकाला विचारू नये. मालक त्या घरात राहत नाही. राहत असता तर भाड्याने दिलं नसतं. सोसायटीच्या वॉचमनला विचारावं, आणि त्यालाही सरळ विचारू नये. ‘काका, टँकरवाला ओळखीचा आहे का?’ असं विचारावं. त्याने टँकरवाल्याच्या मुलाबाळांची खुशाली सांगितली, तर निष्कर्ष काढायला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. गेटजवळचे पेव्हर ब्लॉक खचलेत का, तेही पाहावं. दहा हजार लिटरचं वजन रोज पेलायला ते बनवलेले नसतात. ड्राय बाल्कनीत निळा ड्रम दिसला तर पुढची चौकशी थांबवावी. आणि टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा, हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावं. उन्हाळ्यात ‘वेगळा’ या शब्दाला फार अर्थ येतो.

रस्त्यात खड्डा पडला, पाणी तुंबलं, तर कोणाला फोन करायचा, हेही भाग निवडतानाच ठरवावं. हिंजवडीत रस्ता एमआयडीसीचा, कचरा ग्रामपंचायतीचा, पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे, मेट्रो पीएमआरडीएची, वीज महावितरणची आणि लिफाफ्यावरचा पत्ता पुण्याचा. २०२५ च्या पावसाळ्यात इथले रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा त्या पाण्याचा मालक कोण यावर बैठका घ्याव्या लागल्या. तुम्ही मात्र त्या पाण्यातून गाडी काढताना खाली सायलेन्सर कुठंवर बुडतोय एवढंच पाहावं, हद्दीचा विचार करू नये.

‘रिव्हर व्ह्यू’बद्दल थट्टा जरा आवरून बोलतो. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं आणि माणसांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत केशवनगर-खराडीच्या बाजूला नदीवर डासांचे वावटळीसारखे उंच खांब उठले होते आणि त्यांचे व्हिडिओ देशभर फिरले. म्हणजे जुलैत नदी घरात येते आणि फेब्रुवारीत नदीवरचे रहिवासी येतात. व्ह्यूचे पैसे वेगळे द्यायचे की नाही, ते ज्याने त्याने ठरवावं. तळमजला असेल तर भिंतीवर ओलीची रेघ किती उंचीवर आहे ती पाहावी. नवा रंग फक्त खालच्या निम्म्या भिंतीला असेल तर नमस्कार करून निघावं.

या सगळ्यात एक कसोटी अशी आहे, जी कुठल्याही संकेतस्थळाच्या फिल्टरमध्ये सापडत नाही, आणि आमच्या मते तीच खरी. तुमच्या गावची ट्रॅव्हल्स पुण्यात कुठून शिरते? पुणं असंच वसलंय. सातारा-कोल्हापूरची माणसं कात्रज, धनकवडी, वारज्यात सापडतात. सोलापूर-लातूरची हडपसरला. नगर रस्त्याने येणारा मराठवाडा-विदर्भ वाघोली-चंदननगरला उतरतो आणि पुष्कळदा तिथंच राहतो. खानदेशाने पिंपरी-चिंचवड कधीच आपलंसं केलं. शेवभाजीची चव सांगून पटवायची तिथे गरज पडत नाही. यामागे भावना वगैरे कमी आणि दिवाळीच्या आदल्या रात्रीचा हिशेब जास्त आहे. त्या रात्री साडेदहाच्या गाडीसाठी दोन बॅगा आणि आईने मागवलेला मिक्सर घेऊन शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जायचं असेल, तर रिक्षावाला जे भाडं सांगतो त्यात परभणीचं अर्धं तिकीट निघतं. शिवाय गावाकडून येणारा डबा, धान्याचं पोतं, आजारी मामा, परीक्षेला आलेला चुलत भाऊ, हे सगळे पहाटे पाचला त्याच स्टॉपवर उतरतात. ऑफिसला रोज पाऊण तास जास्त गेला तरी चालेल, असं म्हणणारे लोक आम्ही पाहिलेत आणि ते मूर्ख नाहीत.

आता मालकाची मुलाखत. हिच्यापुढे कंपनीची मुलाखत सोपी होती. इथे पहिला प्रश्न ‘फॅमिली का बॅचलर?’ असा येतो. बॅचलर म्हणालात तर मालक गप्प होतो आणि एजंट छताकडे बघतो. ‘आई येऊन-जाऊन असते’ हे वाक्य अनेकांना तारून गेलंय. आईला मात्र आधी कळवून ठेवावं. मग आडनाव, मग मूळ गाव, मग ‘नॉनव्हेज करता का?’ हा प्रश्न अगदी सहज, जणू आमंत्रण द्यायचंय अशा सुरात. आम्हाला हा प्रकार हसण्यावारी नेता येत नाही, कारण आडनाव ऐकून ‘घर कालच गेलं’ असं ऐकावं लागलेली माणसं या शहरात पुष्कळ आहेत. असं झालं तर तिथे आर्जवं करू नयेत. असल्या मालकाच्या घराचा नळही तुमचं आडनाव विचारून सुटेल.

शेवटी करार. तो ११ महिन्यांचाच का, हे सहसा कोणी विचारत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून एक महिना कापायची पद्धत देशभर पडली. महाराष्ट्रात मात्र ही युक्ती चालत नाही. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं असं कायदाच सांगतो. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो. ‘नोंदणी कशाला, आपण घरच्यासारखेच’ असं मालक म्हणाला, तर हे कलम त्याला प्रेमाने वाचून दाखवावं. घरच्या माणसांपासून काही लपवू नये.

डिपॉझिट देण्याआधी प्रत्येक भिंतीचा, नळाचा, गीझरचा आणि बेसिनखालच्या कोपऱ्याचा तारखेसह फोटो काढावा आणि तो मालकाला त्याच दिवशी पाठवावा. निघताना ‘पेंटिंग चार्जेस’ नावाखाली एका महिन्याचं भाडं कापायची चाल आहे; करारात तसं कलम आहे का ते सही करण्याआधी बघा, असेल तर खोडायला लावा. आणि डिपॉझिट खात्यात जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत किल्ली सोडू नका.