केळ्यांचे बारभाई

कोथरूडच्या एका सोसायटीतले गृहस्थ रविवारी डझनभर केळी आणतात. फणी निवडताना त्यांचा चेहरा सोनं पारखणाऱ्या सराफासारखा असतो. देठाकडे हिरवी, पोटाशी पिवळसर. म्हणजे रोज दोन-दोन संपवत शनिवार गाठता येईल, असा हिशेब. सोमवारी केळी कच्ची. मंगळवारी तुरट. बुधवारी रात्री दिवे मालवल्यावर बाराही जणांची खलबतं होतात आणि गुरुवारी सकाळी सगळी एकदम पिवळीजर्द. शुक्रवारी त्यांच्यावर ठिपके येतात, चिलटं येतात आणि घरात भांडण येतं.

राघोबादादांविरुद्ध कट करणाऱ्या बारभाईंना निरोप धाडायला जासूद लागत. केळ्यांना इथिलीन पुरतं. पिकू लागलेलं केळं हा वायू सोडतं, त्याने शेजारचं पिकतं, मग तेही वायू सोडू लागतं. संत्र्यांसोबत ठेवलेली केळी वेळेआधी पिकतात, असा इशारा एच. एच. कझिन्स यांनी जमैकात १९१० साली देऊन ठेवला होता. फळं स्वतःच हा वायू तयार करतात, हे रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये सफरचंदांच्या मदतीने सिद्ध केलं. कोथरूडच्या त्या घरात मात्र टेबलावरच्या काचेच्या परडीत सफरचंदं खाली आणि केळी वर असतात. दिसायला छान दिसतं.

घरात उपाय सुचवणाऱ्यांची टंचाई नाही. चिरंजीवांनी मोबाइलवर पाहून देठांना प्लॅस्टिक गुंडाळलं. जणू वायू तेवढ्याच नळीतून बाहेर पडतो! तो सालीतूनही सुटतो, त्यामुळे झाला तर थोडाफार फायदा होतो. सूनबाईंनी केळी टांगायचा स्टँड मागवला. टांगल्याने केळी दबून डागाळत नाहीत, हे खरं. पण चाळीस रुपयांच्या केळ्यांसाठी चारशेचा स्टँड म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आजींचं म्हणणं सगळ्यांत साधं होतं, म्हणून ते कुणी ऐकलं नाही: सहाच आणा.

शेवटी गृहस्थांनी स्वतः सूत्रं हाती घेतली आणि उरलेल्यांपैकी निम्मी केळी फ्रिजमध्ये ढकलली. दुसऱ्या दिवशी साली काळ्याठिक्कर. घरभर हळहळ, आणि केळी थेट ओल्या कचऱ्यात. वास्तविक थंडीने सालीतल्या पेशींना इजा होते आणि साल काळवंडते. पिकलेल्या केळ्याचा गर आतून चांगला असतो आणि तो पुढचे काही दिवस तसाच टिकतो. फ्रिज वाईट तो कच्च्या केळ्याला. तिथे त्याचं पिकणंच बिघडतं आणि बाहेर काढल्यावरही ते धड गोड होत नाही. या घराने पिकलेली केळी फेकली आणि नवी आणलेली हिरवी फणी मात्र 'जपून' फ्रिजमध्ये ठेवली. उलट्या गंगेला इतका स्वच्छ प्रवाह क्वचितच लाभतो.

गंमत अशी, की हीच केळी रावेर-सावद्याकडून निघतात तेव्हा शिस्तीत असतात. घड हिरवा कापला जातो आणि १३-१४ अंशांच्या गारव्यात कच्चा माल बराच काळ गप्प राहतो. व्यापाऱ्याला हवा त्या दिवशी रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन सोडलं, की माल बाजाराच्या तारखेला पिवळा होतो. या वायूला दहा लाखांत १०० भागांपर्यंत परवानगी आहे. कार्बाइडच्या 'पी हळद अन् हो गोरी' पद्धतीला मात्र बंदी. म्हणजे फणी कोथरूडात पोहोचते तेव्हा तिला पिकण्याचा हुकूम आधीच मिळालेला असतो. त्यानंतर प्लॅस्टिक गुंडाळणं म्हणजे वरात मांडवात शिरल्यावर पत्रिका जुळवायला बसणं.

वसईकरांनी या बारभाईंशी कधी वाद घातला नाही. राजेळी केळी पिकली, की साल काढून उन्हात वाळवायची आणि सुकेळी करायची. मग ती महिनोन्महिने टिकते. कोथरूडात ऊन आहे, गच्ची आहे, पण गच्चीच्या किल्लीवरून सोसायटीत वाद चालू आहे.

अखेर फ्रिजबाहेर राहिलेल्या केळ्यांचं शिकरण झालं. पहिल्या दिवशी कौतुकाने, दुसऱ्या दिवशी कर्तव्यबुद्धीने, आणि तिसऱ्या दिवशी चिरंजीवांना नेमकं मित्राकडे जेवण निघालं.

रविवारी गृहस्थ पुन्हा बाजारात. सहा केळी घ्यायची, असं आजींनी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. पण दोन डझनांवर दहा रुपये सुटत होते, म्हणून चोवीस आली. पिशवीत जागा उरली होती, तेव्हा वर किलोभर सफरचंदंही.