सतरंजीला अधिभार नाही

अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांच्या प्रवेश-अर्जात अभ्यासेतर उपक्रमांसाठी, म्हणजे वर्गाबाहेरच्या उद्योगांसाठी, स्वतंत्र रकाने असतात आणि निवडणूक-प्रचारात दारोदार हिंडलेला मुलगा तेथे नेतृत्वगुणी ठरतो. मध्य प्रदेशातील सौंसर तालुक्यातल्या मोहगावात तोच मुलगा वाया गेलेला ठरतो. सौंसर व पांढुर्णा हे तालुके मिळून २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला, तरी पदवी-प्रवेश भोपाळच्या ऑनलाइन व्यवस्थेतूनच होतो. ती बारावीचे गुण पाहते आणि ‘अधिभार’, म्हणजे गुणांत मिळणारी भर, देते ती राष्ट्रीय छात्र सेना, राष्ट्रीय सेवा योजना यांसारख्या शिस्तशीर कामांना. सभेच्या सतरंज्या उचलणे त्यात बसत नाही. महाविद्यालयातल्या राजकारणालाही अटी आहेत: छात्रसंघ-निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीने २००६ मध्ये विद्यार्थी-उमेदवाराला ७५ टक्के हजेरी आणि ५,००० रुपयांची खर्चमर्यादा सुचवली. हजेरीची हीच अट आमदारांना लावल्यास विधानसभेत किती बाके भरतील, हा विषय संशोधकांनी अद्याप हाताळलेला दिसत नाही. मध्य प्रदेशात तर २०१७ नंतर छात्रसंघाच्या निवडणुका वर्षानुवर्षे झाल्याच नाहीत, त्यामुळे पात्रतेचा प्रश्न परस्पर सुटला. मात्र मोहगावच्या नगर परिषदेत पार्षद, म्हणजे नगरसेवक, होण्यास वयाची २१ वर्षे पुरतात आणि तेथे बारावीची गुणपत्रिका कोणी मागत नाही.