विचाराधीन

रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीत आलात आणि टीव्हीचा आवाज नीट येत नाही, असं कुणापाशी बोललात, तर तो तुम्हाला मेकॅनिककडे नाही, अप्पांकडे धाडेल. चहा मिळेल, संध्याकाळ जाईल. कोकण रेल्वे रोह्याला सुरू होते ती थेट ठोकूरला संपते. अप्पांच्या बोलण्याचंही तेच, फक्त मधली स्टेशनं वगळून.

अप्पा धाटावच्या एमआयडीसीतले, खरेदी खात्यातून निवृत्त. तीन कोटेशनं आल्याशिवाय साधा बोल्ट घ्यायचा नाही, यात हयात गेली. नोकरी सुटली, कोटेशनं सुटली नाहीत. सध्या नेटवर्क स्ट्रीमरची चालू आहेत.

"ब्लूटूथवर गाणं मोबाईलमधून जातं आणि वाटेत चेपलं जातं. स्ट्रीमर ते वायफायवरून स्वतः ओढून घेतो. मोबाईल नुसता रिमोट! मध्येच जावयाचा फोन आला तरी भीमसेनजी थांबत नाहीत." जावई समोर बसलेला असला तरी अप्पा उदाहरण बदलत नाहीत.

कंपनीच्या जुन्या डायरीत तक्ता आखलाय. पहिल्या रांगेत विम. (ते वाचून काकूंनी भांड्यांचा बार आणून ठेवला होता.) परवडतो, पण "सगळं ॲपवरच." ब्लूसाउंडचा नोड उत्तम, "पण किंमत ऐकलीत?" केंब्रिजच्या यंत्राला मोठा पडदा आहे, "गाणं ऐकायचं की बघायचं?" ज्याला पडदा नाही त्याला, "काय वाजतंय ते कळणार कसं?" रास्पबेरी पायवर स्वस्तात जुळवून देतो म्हणणाऱ्या भाच्याला एकच प्रश्न: "वॉरंटी कुणाची, तुझी?"

तरुण माणसाला फार तर 20 किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणून 1982 साली बाजारात आलेल्या सीडीला 44.1 किलोहर्ट्झचं सॅम्पलिंग पुरलं. अप्पांना 192 हवं. साठीनंतर कानाची वरची पट्टी आपोआप कमी होते, हे मी एकदा भीतभीत सुचवलं. "ऐकू नाही आलं तरी चालेल, पण असायला पाहिजे," अप्पा म्हणाले. खरेदी खात्याचा माणूस!

एका बाबतीत मात्र अप्पांचं म्हणणं मला सोळा आणे पटतं. ही सगळी ॲपं गायक विचारतात, अल्बम विचारतात. राग विचारत नाहीत. संध्याकाळी माणसाला मारवा हवा असतो, अल्बम नको असतो. त्यात आमोणकरांचं स्पेलिंग एकीकडे एक, दुसरीकडे दुसरं. शिवाय विलंबित एका ट्रॅकवर आणि द्रुत पुढच्यावर. सलग वाजवता न येणारं यंत्र नेमकं तिथे दम खातं आणि उचललेला हात अधांतरी राहतो. हे सांगताना अप्पांचा हात खरोखरच वर राहिला होता. त्या क्षणी त्यांना कुणीही फुकट स्ट्रीमर द्यावा.

पण द्यायचा कुठे? राउटर ओटीवर, गाणं माजघरात, मधे आजोबांच्या काळची भिंत. पाच गिगाहर्ट्झ तिच्यापाशी गुडघे टेकतं, 2.4 पलीकडे पोचतं, पण तिथे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वायफायची गर्दी. उपाय लॅनची वायर. "माझ्या भिंतीला भोक पडणार नाही," काकूंनी विषय संपवला.

गंमत म्हणजे अप्पांच्या सल्ल्याने आळीतल्या तिघांनी स्ट्रीमर घेतले आणि सुखाने ऐकतात. अप्पा संध्याकाळी एकेकाकडे जाऊन बसतात, डोळे मिटतात आणि "बास जरा सैल आहे" असं सांगून येतात. शिमग्यात खालूबाजा दारावरून गेला तेव्हा तेवढे खूश झाले: "याला म्हणतात लॉसलेस!"

घरात गाणं लावतात त्या काकू. मोबाईल स्टीलच्या रिकाम्या पातेल्यात उभा ठेवायचा, अभंग लावायचा आणि कणीक मळायची. आवाज पडवीपर्यंत येतो. पावसात लाईट गेली, राउटर विझला, तरी मोबाईलच्या डेटावर माऊली चालूच.

परवा डायरी उघडी दिसली म्हणून डोकावलो. सगळ्यात खाली नवी रांग होती, पातेलं. किंमत: शून्य. भिंतीला भोक: नाही. लाईट गेल्यावर: चालतं. पडदा: नाही. शेरा: विचाराधीन, आणखी दोन पातेल्यांची कोटेशनं मागवावीत.