मॅक काका

मॅक काकांना तुमचं नाव आठवेलच असं नाही, पण तुमच्या फोनच्या पत्त्याची शेवटची चार अक्षरं मात्र तोंडपाठ असतात. "काय हो, सात-एफ-झिरो-नऊ, आज लवकर निघालात?" अशी जिन्यात हाक आली की ओळखावं. जन्मभर रेकॉर्ड रूम सांभाळलेल्या या माणसाला निवृत्तीनंतर राउटरमध्ये मॅक फिल्टर नावाची सोय सापडली. यादीत पत्ता असेल तर आत, नसेल तर पासवर्ड ठाऊक असूनही बाहेर. तेव्हापासून टीपॉयवर लाल कापडी बांधणीची वही असते. आल्यागेल्याला आधी नोंद, मग चहा.

वहीत बारा-बारा अक्षरांचे पत्ते, दोन-दोनच्या सहा जोड्यांत. पहिल्या तीन जोड्या आयईईई ही संस्था कंपन्यांना वाटून देते, म्हणून तेवढ्यावरून काका फोनचं कुळ सांगतात. इंटरफेसांची नावं तर ते लाडानं घेतात. अँड्रॉइडच्या वायफायचा डब्ल्यूलॅन-झिरो, आयफोनचा ईएन-झिरो. मोबाइल डेटाचा म्हणाल तर क्वालकॉमच्या चिपवर आरएमनेट, मीडियाटेकवर सीसीएमएनआय. "आणि हा एलओ, म्हणजे लूपबॅक. याच्यातून फोन स्वतःशीच बोलतो," असं ते एकदा रंगात येऊन सांगत होते. काकू गवार मोडता मोडता म्हणाल्या, "त्यात काय नवल? आमच्याकडे आहे की एक."

२०१५ मध्ये अँड्रॉइड ६ आलं आणि घात झाला. पत्ता वाचायला काकांनी खास ॲप घेतलेलं. आता ज्याचा नवा फोन हातात घ्यावा त्याचा पत्ता ०२:००:००:००:००:००. अख्ख्या इमारतीचा एकच! काकांनी तातडीची सभा बोलावली. ॲपना खरा पत्ता कळू नये म्हणून फोन सरसकट हेच सांगतो, आयफोन तर २०१३ पासून सांगतोय, असं कुणीतरी समजावलं. काका दुखावले. "म्हणजे मलासुद्धा?"

पुढे अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला स्वतः रचलेला निराळा पत्ता देऊ लागले. मॉलमध्ये हिंडणाऱ्याचा माग कुणाला लागू नये, हा हेतू. हेतू चांगलाच आहे हो, पण वहीचं काय? काकांनी हार मानली नाही. अशा पत्त्याचं दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई असतं, एवढं हेरून ते दबा धरून बसले.

त्यात परवा पुतणीला बघायला मंडळी आली. मुलानं भीत भीत वायफाय मागितलं. काकांनी चष्मा चढवला, त्याच्या फोनचं सेटिंग उघडलं आणि स्वयंपाकघरापर्यंत पोचेल अशा आवाजात जाहीर केलं, "मुलाचा पत्ता खोटा आहे!"

पोह्यांचा चमचा मुलाच्या आईच्या हातातच राहिला. वडील म्हणाले, "अहो, स्वतःचा फ्लॅट आहे आमचा. लाइट बिल दाखवू का?"

मुलगा मात्र शहाणा निघाला. त्यानं गुपचूप फोन घेतला, प्रायव्हसीत जाऊन 'डिव्हाइस मॅक' निवडलं आणि पडदा काकांपुढे धरला. दुसरं अक्षर ४.

"खरा आहे," काका म्हणाले, आणि मुलीला काही विचारण्याआधीच त्यांनी वहीत त्याची नोंद केली. नात्याच्या रकान्यात 'जावई' लिहिलं, पण पेन्सिलीनं.